बाबांनी टोक बदललं नाही

फेरी लेन, स्कारबेक
रविवार, १६ ऑगस्ट १९८७

प्रिय कीथ,

नाताळच्या कार्डापलीकडे एकमेकांना काही लिहायचं नाही, हा आपला न बोलता झालेला करार आज मी मोडते आहे. रागावू नकोस. आणि रागावलास तरी तू न्यूझीलंडमध्ये, मी इथे. फार तर पत्र शेकोटीत टाकशील. तुमच्याकडे सध्या थंडी आहे ना?

काल फुटबॉलचा हंगाम सुरू झाला आणि आपण हरलो. स्कारबेक टाउनचं नाव पेपरात शोधायचं तर आता तक्ता खालून वाचावा लागतो. यंदा जो तळाला राहील तो लीगच्या बाहेर जाणार आहे. एकदा बाहेर गेलेल्याला परत कोण विचारतो? विल्फ म्हणतो, "बाहेर गेलो तर मी शनिवारी काय करू? बायकोशी बोलू?" विल्फ आठवतो ना? बाबांच्या शेजारी उभा राहून प्रत्येक रेफरीच्या खानदानाची आस्थेने चौकशी करणारा. अजून करतो.

बाबा ठीक आहेत. वय झालंय, पण ठीक आहेत. काल मध्यंतरात मात्र एक गंमत झाली.

आपली रीत तू विसरला नसशील, विसरायचा प्रयत्न केला असलास तरी. शिट्टी झाली की सगळा गाव बोव्हरिलच्या गरम रश्शाचे कप सांभाळत मैदानाला वळसा घालून दुसऱ्या टोकाला जातो. उत्तरार्धात आपला हल्ला तिकडे, म्हणून आपण तिकडे. गोल बघायचा तर समोरच्यांच्या जाळीमागेच उभं राहायला हवं. काल सगळे निघाले, मी निघाले, विल्फ निघाला. गॅसच्या टाक्यांपाशी पोचून वळून बघते तर बाबा समुद्राकडच्या टोकालाच.

"आल्बर्ट!" विल्फ ओरडला. "झोप लागली का रे? चल!"

बाबांनी नुसता हात हलवला, माशी उडवावी तसा. तेवढ्यात आपला नवा गोलकीपर धावत त्या टोकाला आला आणि बाबांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. तिथे आपलं दुसरं कुणी नव्हतं, सगळे पाहुण्या संघाचे लोक. पोराने गोंधळून मागे बघितलं आणि उलट टाळ्या वाजवल्या.

थकले असतील, एवढंच. लांबचा वळसा आहे.

हे वाचून तुझा चेहरा कसा झाला असेल ते मला इथून दिसतंय. इतके हंगाम तू आपला गोलकीपर म्हणून त्या जाळीपुढे उभा राहिलास आणि इतके हंगाम बाबा गावाबरोबर दुसऱ्या टोकाला गेले. शेवटी आपल्या स्वयंपाकघरात तू म्हणालास, "एकदा, एकदा तरी माझ्या मागे उभं राहायचं होतं!" आणि बाबा चहा ढवळत म्हणाले, "मागून काय दिसतं?" पुढच्या वसंतात तू जहाजात बसलास. मी धक्क्यावर आले होते, ते आले नव्हते.

हंगाम संपायच्या आत एकदा येऊन जा. क्लब पुढच्या वर्षी असेल-नसेल. म्हणून म्हणते आहे, दुसरं काही कारण नाही.

तुझी,
डोरीन

*

रविवार, १८ ऑक्टोबर

प्रिय कीथ,

तुझं पत्र मिळालं. क्लबबद्दल वाचून वाईट वाटलं म्हणतोस, हवेबद्दल विचारतोस, मेंढ्यांच्या भावाबद्दल सांगतोस. बाबांबद्दल एक अक्षर नाही. तुम्ही दोघं इतके सारखे आहात की मला कधी कधी हसू येतं आणि कधी कधी लाटणं घेऊन धावावंसं वाटतं.

आपण अजून तळालाच आहोत. गेल्या महिन्यात एक सामना जिंकलो तर लोकांना काय करावं ते सुचेना, बराच वेळ कुणी घरीच जाईना.

बाबा आता थांबतच नाहीत आमच्याबरोबर. आत शिरले की थेट आपल्या गोलकीपरच्या मागे जाऊन उभे. मध्यंतरात आम्ही सगळे एका दिशेने चाललेले, आणि बाबा एकटे उलट. चहाच्या टपरीपाशी आमची गाठ पडते. टोपी काढून मला "नमस्कार बाई" म्हणतात, मी कुणी ओळखीची शेजारीण असल्यासारखं. विल्फ म्हणतो, "म्हातारा तुझी थट्टा करतोय." मीही तसंच म्हणते.

काल मी त्यांच्यामागून गेले. समुद्राकडून पातळ धुकं येत होतं, त्या टोकाला सगळे पाहुणे. त्यांच्यातला एक दांडगा आपल्या पोराला ओरडून म्हणाला, "ए कीपर, आईने स्वेटर मोठा विणलाय का? आत कुणी आहे का नाही?"

बाबा गर्रकन वळले. "त्याला काही बोलायचं नाही. माझा मुलगा आहे तो."

"तुमचा मुलगा?" दांडग्याने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग जाळीपुढच्या त्या विशीतल्या पोराकडे. मी डोळ्यांनी काय सांगितलं कुणास ठाऊक. माणूस भला निघाला. "माफ करा आजोबा," म्हणाला आणि खिशातून मिंटच्या गोळ्या काढून पुढे केल्या. बाबांनी दोन घेतल्या. मग सगळा उत्तरार्ध ते दोघं शेजारी उभे होते आणि त्यांच्या संघाने गोल केला तेव्हा तो दांडगा बिचारा हळूच नाचला.

आणि बाबा ओरडत होते, "शाबास, कीथ! सांभाळ, कीथ!"

मी ऐकलं नाही असं केलं. तुला लिहिणारही नव्हते. पण लिहिलं.

डोरीन

*

रविवार, २७ डिसेंबर

प्रिय कीथ,

आता सरळ सांगते. बाबा ठीक नाहीत. डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सांगितलं होतं की त्यांचं मन हळूहळू निसटत जाईल, आधी जवळचे दिवस, मग लांबचे. तुला कळवलं नाही, कारण दयेपोटी तू यावंस असं मला नको होतं. आता मला त्याचंही काही वाटत नाही. दयेपोटी ये, रागापोटी ये, विमानाचं तिकीट लॉटरीत लागलं म्हणून ये. पण ते तुला ओळखतील तोवर ये.

नाताळच्या सकाळी उठून बघते तर त्यांचा पलंग रिकामा. दार उघडं, टोपी आणि मफलर गायब. रस्त्यावर चिटपाखरू नाही, सगळीकडे धुकं, आणि घराघरांतून भाजणाऱ्या टर्कीचा वास. मी चपलांतच पळाले. मैदानाचं मागचं फाटक कुणीतरी उघडं टाकलेलं. बाबा समुद्राकडच्या टोकाला पायऱ्यांवर बसले होते. समोर ना गवत दिसत होतं ना जाळी.

"बाबा, आज सामना नाहीये. उद्या आहे."

"माहीत आहे," ते म्हणाले. "तो सरावाला येईल. लवकर येतो तो."

मी त्यांच्याजवळ बसले. खरं सांगू? उठावंसंच वाटेना. कुठेतरी ओहोटीचं पाणी सरकत होतं, धुकं अंगावरून जात होतं, आणि मला क्षणभर वाटलं की आता तू खरोखर येशील, तो विटका हिरवा स्वेटर घालून, हातमोजे दातांनी ओढत. आई अजून असेल, घरी बटाटे सोलत असेल. बाबा रोज जिथे जातात ते ठिकाण मी त्या दिवशी पाहिलं. वाईट नाही ते.

दुसऱ्या दिवशी सामना बरोबरीत सुटला. नंतर आपला गोलकीपर मला गाठायला टपरीपाशी आला. स्टुअर्ट त्याचं नाव, स्टुअर्ट पेल. आठवडाभर विजेच्या तारा ओढतो आणि शनिवारी चेंडू अडवतो.

"ते आजोबा मला कीथ म्हणतात," तो म्हणाला. "मी काही बोलत नाही. चालेल ना?"

"तुला त्रास होतो का?"

"छे. उलट बरं वाटतं. मागून सगळे शिव्या घालत असतात हो. त्यात एक आवाज आपला असला की..." त्याने हातमोजे काखेत धरले. "कीथ कोण?"

मी सांगितलं. त्याने विचारलं, चांगला खेळायचा का? मी म्हटलं, बरा होता, पण उंचावरून चेंडू आला की खांबासारखा उभा. स्टुअर्ट हसला आणि म्हणाला, "मग आजोबांचं चुकलेलं नाही फारसं."

ये, कीथ.

डोरीन

*

रविवार, १४ फेब्रुवारी १९८८

प्रिय कीथ,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. "मी खरा तिथे होतो तेव्हा त्यांना वेळ नव्हता. आता एका परक्या पोराला माझं नाव देऊन टाळ्या वाजवतात, त्याचं मी काय करू?" लिहिलंस ते बरं झालं. इतकी वर्षं नुसती हवा आणि मेंढ्या वाचून मी कंटाळले होते. तुझा राग खरा आहे. मी तुझ्या जागी असते तर मीही एवढीच चिडले असते, कदाचित जास्त.

पण काल जे झालं ते ऐक आणि मग चीड.

मैदान गोठलं म्हणून सामना रद्द झाला होता. बाबा स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून बाहेर बघत होते. मी कणीक मळत होते. एकदम म्हणाले, "हॉलगार्थविरुद्ध कीथने काय अडवलं होतं!"

मी म्हटलं, "केव्हा?"

"पाऊस होता. चेंडू डावीकडे चाललेला, आणि हा उजवीकडे झुकलेला. संपलंच. तर हवेत वळला! अंग एकीकडे, हात दुसरीकडे. आणि पडला तेव्हा जीभ बाहेर. लहानपणी चित्र काढताना काढायचा ना, तशी. उठून आधी चिखल पुसला तो भुवईवरचा, चेंडूवरचा नाही."

कीथ, मी त्या सामन्याला होते. हॉलगार्थचे लोक सोडले तर तुझ्या मागे कुणी नव्हतं. बाबा माझ्या शेजारी होते, पार दुसऱ्या टोकाला.

म्हणून मी विचारलं, "तुम्ही तर पलीकडे होता. एवढं कसं दिसलं?"

माझ्याकडे असं पाहिलं त्यांनी, मी जशी काही अगदीच बावळट. "पलीकडूनच दिसतं. पलीकडून पोराचं तोंड दिसतं. मागे उभं राहिलं तर काय, नुसती पाठ."

"मग आता का मागे उभे राहता?"

"डोळे पोचत नाहीत आता तेवढे लांब," ते म्हणाले. "मग जवळ जायला नको?"

माझे हात कणकेत तसेच राहिले. तुला सांगते, सगळा गाव गोल बघायला त्या टोकाला जायचा. आपला बाप जायचा तुझं तोंड बघायला. हे त्यांनी तेव्हा स्वयंपाकघरात सांगायला हवं होतं. चहा ढवळत "मागून काय दिसतं" एवढ्यावर भागत नाही, मुलगा जहाजात बसून निघून जातो. त्यांचं चुकलं, मी त्यांना माफ करायला सांगत नाही. पण त्यांनी तुला पाहिलं नाही, हे खरं नाही. जिभेपर्यंत पाहिलंय.

आज मला कागदावर आणखी काही लिहवत नाही.

डोरीन

*

रविवार, १० एप्रिल

प्रिय कीथ,

तुझी तार पोस्टमनने हातात दिली तेव्हा मी दारातच बसले. "सात मेच्या सामन्याला येतो." एवढंच. शब्दाला किती पैसे पडतात ते मला माहीत आहे, तरी चिकटपणा केलास. "प्रेम" हा शब्द फार महाग नसतो.

तयारीने ये, म्हणून लिहिते. बाबा आता मला बहुतेक वेळा नर्स समजतात, चांगल्या दिवशी आई. जेवतात, हसतात, कोटाची बटणं चुकवतात. शनिवार मात्र चुकवत नाहीत. ते तुला ओळखतीलच असं वचन देता येत नाही. त्यांच्या लेखी तू जाळीपुढे उभा आहेस आणि तुझं बरं चाललंय.

सात मेला समोर हॉलगार्थच आहेत, बघ. त्या दिवशी हरलो की लीग सुटली. बरोबरी झाली तरी तगलो. विल्फने शेवटच्या सामन्यासाठी नवीन शिव्या राखून ठेवल्या आहेत. तुझी खोली झाडून घेतली. पलंग तुला आखूड पडेल, पाय बाहेर काढून झोप, पूर्वीसारखा.

डोरीन

*

रविवार, २२ मे

प्रिय कीथ,

तू पोचलास हे कळलं. घर एकदम मोठं झालंय.

त्या दिवसाबद्दल मला लिहायचंच आहे, कारण आपण दोघं एकाच मैदानावर होतो तरी दोघांनी पाहिलेला सामना एक नव्हता. मध्यंतरात मी मुद्दामच विल्फबरोबर गॅसच्या टाक्यांकडे गेले. तू टपरीपाशी थांबून माझ्याकडे बघत होतास, शाळेच्या पहिल्या दिवशी बघायचास तसा. मी म्हटलं, "जा. ते काय खाणार आहेत तुला?" आणि तू त्या उलट्या वाटेने बाबांच्या मागोमाग गेलास. तेवढ्यात समुद्रावरून धुकं आलं आणि आधी तू, मग बाबा, मग सगळं टोकच त्यात गेलं.

आमच्या टोकाला काहीच झालं नाही, हे तुला सांगून ठेवते. शून्य-शून्य. अख्खं स्कारबेक श्वास रोखून पांढऱ्या भिंतीकडे बघत उभं होतं. अधूनमधून त्या भिंतीतून एखादा खेळाडू बाहेर यायचा, गोंधळून इकडेतिकडे बघायचा आणि परत आत जायचा. विल्फ रेफरीला म्हणाला, "तुला तरी दिसतंय का रे, की तूही ऐकूनच शिट्ट्या मारतोयस?" मग अगदी शेवटी पलीकडून हॉलगार्थवाल्यांचा आवाज चढत गेला, चढत गेला, गोल झाल्यावर होतो तसा, आणि एकदम विझला. विल्फने माझा हात इतका दाबला की अंगठीचा वळ उठला. शिट्टी झाली. धुक्यातून स्टुअर्ट चालत आला, चेंडू छातीशी धरलेला, तेव्हा आम्हाला कळलं. माणसं रडली, कीथ. विल्फ रडला आणि म्हणाला, धुकं डोळ्यांत गेलं.

आपल्याला लीगमध्ये ठेवणारा तो फटका स्टुअर्टने कसा अडवला, हे गावातल्या एकाही माणसाने पाहिलेलं नाही. पाहिलं ते तुम्ही दोघांनी.

बाकीचं तू फलाटावर सांगितलंस. गाडी शिट्टी देत होती आणि तू घाईघाईने बोलत होतास. माझ्याजवळ नीट राहावं म्हणून ते इथे लिहून काढते, चुकलं तर दुरुस्त कर.

बाबांनी तुला न्याहाळलं आणि विचारलं, "पाहुण्यांपैकी का?"

तू म्हणालास, "नाही, इथलाच. फार दिवसांनी आलोय."

"मग या टोकाला काय करतोस? आपली माणसं तिकडे."

"तुम्ही नाही का इथे?"

"माझं वेगळं आहे," बाबा म्हणाले. "तो गोलकीपर माझा मुलगा."

तू विचारलंस, "कसा खेळतो?"

"उंच चेंडूला हलत नाही जागचा. सांगून दमलो. पण हात बघ त्याचे, हात."

आणि मग तो फटका. तू सांगितलंस, चेंडू उजवीकडे चालला होता, स्टुअर्ट डावीकडे, आणि पोराने कसं कुणास ठाऊक बोटांची टोकं लावली. बाबांनी तुझी बाही दोन्ही हातांनी घट्ट धरली. "बघितलंस? बघितलंस माझ्या पोराला?"

"बघितलं," तू म्हणालास.

त्यांना तू नाव सांगितलं नाहीस. मी आधी चिडले होते, आता नाही. सांगितलं असतंस तर त्यांना दोघांपैकी एक निवडावा लागला असता, आणि त्या क्षणी ते फार सुखात होते. पण एक गोष्ट तू फलाटावर सांगितली नाहीस, ती मला विल्फने सांगितली. धुकं वर गेलं तेव्हा माणसं पांगली होती, आणि तू अजून तिथेच उभा होतास, कारण बाबा तुझी बाही सोडत नव्हते.

आता आजचं. दुपारी बाबांना बागेत बसवलं होतं. डोळ्यांवर टोपी ओढून होते, मला वाटलं झोपले. तर म्हणाले, "तो माणूस कोण होता गं?"

"कुठला?"

"माझ्याबरोबर उभा होता तो. चांगला माणूस. खेळातलं कळत होतं त्याला." त्यांनी टोपी वर सरकवली. "मला आता पाठसुद्धा नीट दिसत नाही. शेजारी उभं राहून कुणी सांगितलं तर कळेल. त्याला विचार ना, पुढच्या हंगामात येशील का म्हणून."

हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो. तोवर ते असतील की नाही, कुठे असतील, डॉक्टरही सांगत नाहीत. मी त्यांना म्हटलं, विचारते.

विचारते आहे, कीथ.

डोरीन